धारोष्ण दुधाच्या गावात

निवृत्त झालेल्या बाईनं काशीला जावं, नाहीतर नातवंडं सांभाळावीत, असं आमच्या सोसायटीचं एकमुखी मत आहे. मला नातवंडं नाहीत आणि काशीला जाऊन करायचं काय, म्हणून मी निपाणीला गेले. "निपाणीला? तिथं काय आहे बघायला?" असं शेजारच्या वहिनींनी विचारलं तेव्हा "म्हशी" म्हणाले आणि दार लावून घेतलं. खोटं नव्हतं ते.

बोलावणं सुजाताचं होतं. मी जन्मभर पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि ही निपाणीची पोरगी पहिल्या बाकावर बसून मला प्रश्न विचारून हैराण करायची. आता ती तिकडच्या सीमाभागात एका तापाचा माग काढत फिरते. ब्रुसेला नावाचा जंतू आहे. तो म्हशीच्या पोटात शिरला की म्हैस गाभडते, म्हणजे तिचा गर्भ दिवस भरायच्या आत पडतो. मग तो तिच्या दुधातून आणि गर्भामागून पडणाऱ्या वारेतून माणसात येतो. संध्याकाळी ताप चढतो, पहाटे घामानं अंथरूण भिजवून उतरतो, काही दिवस दडी मारतो आणि पुन्हा हजर होतो. कंबर धरते, सांधे धरतात. लोक टायफॉईडची औषधं घेतात, मलेरियाची घेतात, सलाईन लावून घेतात आणि दमून गप्प बसतात.

"मॅडम, माणसांचा दवाखाना रस्त्याच्या ह्या अंगाला, जनावरांचा त्या अंगाला, आणि दोघांची बोलाचाली नाही," सुजाता फोनवर म्हणाली. म्हणून तिच्या कामात एकाच घरातल्या माणसांचं रक्त आणि म्हशीचं दूध एकाच वेळी तपासायचं होतं. "पण मला पोरगी समजून चहा पाजतात आणि परत पाठवतात. एक वयस्क बाई बरोबर असली तर आत घेतील. तुम्ही नुसत्या शेजारी बसा."

नुसतं बसणं मला कधी जमलेलं नाही. तरी गेले. पुढं जे लिहिते आहे त्यात माणसांची नावं बदलली आहेत, म्हशीचंसुद्धा. गावाचं नाव तर मी घेतच नाही.

निपाणी

उतरल्याबरोबर शिंका सुरू झाल्या. निपाणीत तंबाखूच्या वखारी कुठं आहेत हे विचारावं लागत नाही, नाकच घेऊन जातं. सुजाताच्या आईला मात्र "कसला वास?" असा खरोखरचा प्रश्न पडला. कानांवर सगळी मराठी पडत होती, त्यामुळं आपण राज्य ओलांडून आलोय हे मी विसरूनच गेले होते. मग समोरून एक बस आली, पाटीवर गोल गोल कानडी अक्षरं, आणि मला ती कुठं चाललीय तेही कळेना.

रात्री ताटात तांबडा रस्सा आला. "तुमच्यासाठी मुद्दाम सपक केलाय," असं म्हणून वाढलेला. पहिल्या घोटालाच माझ्या डोळ्यांतून पाणी. आम्ही आमटीत गूळ घालतो असं मी सांगितलं तर सुजाताचे वडील हातातली भाकरी खाली ठेवून म्हणाले, "गोड आमटी? मग श्रीखंडात मिरची घालत असाल!" हसून हसून ठसका लागला मला. त्या सगळ्या प्रवासातलं तेवढंच एक पोटभर हसू.

त्यांच्या मागच्या खोलीत सुजातानं आपलं सामान मांडलं होतं. रक्त फिरवायचं लहानसं यंत्र, एक फ्रीज, रंगाच्या बाटल्या. रक्त फिरवलं की वर नितळ पाणी येतं. त्याचा एक थेंब काचेवर गुलाबी रंगाच्या थेंबात मिसळायचा आणि काच हलवत राहायचं. आजार नसेल तर थेंब गुळगुळीत गुलाबी राहतो. असेल तर त्यात रव्यासारखे दाणे धरतात. पक्की तपासणी पुढं मोठ्या प्रयोगशाळेत होते, पण दाणे दिसले की अनुभवी माणसाला उत्तर बहुतेक कळलेलं असतं.

चिकोडीच्या वाटेवरचं गाव

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. शेतात कापून टाकलेला तंबाखू उन्हात वाळत पडला होता आणि उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. त्या गावातल्या घरांत माणसांच्या आधी म्हैस भेटते. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला गोठा, तिला "सरक गं बाई" म्हणायचं आणि मग सोप्यात, म्हणजे बैठकीच्या जागेत, जायचं. आमच्याकडं दारावर कुत्र्यापासून सावध राहायची पाटी असते. इथं म्हैस पाहुण्याचा वास घेते आणि रवंथ करत राहते, बिचारी.

तानूबाईंच्या घरी आम्हाला आधी नकारच मिळाला. पन्नाशीच्या, काटक बाई. नवरा साखर कारखान्यावर, हंगाम असल्यामुळं घरी कमीच. "आमच्यात कुणाला काय रोग न्हाय. रगत बिगत काय देणार न्हाय आमी," असं त्यांनी हात जोडून सांगितलं. आम्ही उठलो. उंबऱ्यात पाय टाकला आणि मी शिंकले. तो निपाणीचा तंबाखू अजून नाकात होता.

"थांबा!" तानूबाई ओरडल्या. "शिंक झाली आन कुठं निघालासा? बसा. घोटभर पाणी प्या, मंग जावा."

बसलो. शकुन-अपशकुनावर माझा काडीचा विश्वास नाही, पण तेव्हा मी त्या शिंकेचे आभार मानले. कारण तेवढ्यात आतून त्यांचा मुलगा संभा भिंतीला धरून बाहेर आला. तालमीतल्या मातीत चेपलेले कान, बैलासारखे खांदे, आणि चाल मात्र सत्तरीच्या म्हाताऱ्याची.

"काय झालंय रे?" मी विचारलं.

"काय न्हाय मावशी. कंबर धरलीया. थंडीचं आसतंय."

"थंडीचं न्हवं," तानूबाई म्हणाल्या. "दसऱ्यापासनं ताप येतोय आन जातोय. सलाईन लावली, लिंबू उतरून टाकलं, चिकोडीला दाखवलं. आता चंद्रीच्या दुधावर ठेवलाय त्याला. सकाळी तांब्याभर, सांच्याला तांब्याभर. धारोष्ण. त्येच्यावरच चाललंय, म्हणून तर उभा तरी हाय."

सुजातानं आणि मी एकमेकींकडं बघायचं टाळलं.

दिवस कलल्यावर तानूबाई धार काढायला बसल्या. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेली देखणी म्हैस. बाईंच्या हाताची तिला इतकी सवय की मान वळवून त्यांची पाठ चाटत होती. दूध फेसाळून भांड्यात पडत होतं आणि खरं सांगते, वास फार छान होता. पहिला पेला त्यांनी लेकीला दिला. मंगल, पाच महिन्यांची गरोदर, सासर नंदगडकडचं, नवरा बेळगावात गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला. तिनं पेला तोंडाला लावला आणि ओठावरचा फेस पदरानं पुसला. दुसरा पेला संभाला. तिसरा माझ्यासमोर.

आता काय करायचं? पाहुणी म्हणून दिलेलं दूध नाकारणं म्हणजे त्या घराचा पाणउतारा. मी घाईनं म्हणाले, "माझा उपास आहे हो आज."

"मंग दूध चालतंयच की!"

सुजातानं तोंड फिरवलं. मी म्हणाले, मला दूध पचत नाही. तानूबाईंनी माझ्याकडं कीव करून बघितलं. "पुण्याची पोटं," एवढंच म्हणाल्या आणि पेला परत नेला. पण त्यांना ते लागलं होतं. मला दिसलं.

"तापवून का देत नाही?" मी जरा वेळानं विचारलं.

"तापवलं की मेलं न्हवं ते दूध! तालमीतलं वस्ताद बी त्येच सांगत्यात. ताकद सगळी वाफंसंगं जाती. आन उतू गेलं, इस्तवात पडलं तर म्हशीच्या सडाला चिरा पडत्यात. आमच्यात गरवार बाईला तर धारोष्णच देत्यात."

आम्ही पुण्यात पिशवीतलं, डेअरीनं आधीच तापवून गार केलेलं दूध पुन्हा तापवतो, वर त्याची साय खातो. ते ऐकून मंगल हसली. "म्हंजे तुमी दोनदा मारताय मावशी." गोड पोरगी होती. हसताना तिच्या कपाळावर घाम होता, थंडीच्या दिवसांत.

मग हळूहळू एकेक निघालं. गेल्या पावसाळ्यात चंद्री गाभडली. मेलेलं रेडकू अडलं होतं. मंगल तेव्हा माहेरी आलेली, तिलाही दिवस गेले होते. मायलेकींनी मिळून उघड्या हातांनी ते ओढून काढलं, वार काढली, गोठा धुतला. महिन्याभरात मंगलचं मूलही गेलं.

"एका छपराखाली दोन," तानूबाई म्हणाल्या. "लोक म्हणाली नजर लागली. हिची सासू म्हणती, पोरगीचाच पायगुण वाईट, म्हशीला बी बाधला. ह्या खेपंला काय झालं तर परत धाडू नका म्हणून सांगितलंय त्येंनी. म्हणून म्या तिला लवकर आणली. माझ्या नजरंखाली ऱ्हाईल, माझ्या हातचं खाईल पिईल."

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण काचेवर थेंब पडल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त मीच पोरांना शिकवलेली. तिघांचं रक्त आता मिळालं. माझी शिंक आणि माझं वय, दोन्ही कामाला आलं म्हणायचं. चंद्रीचं दूध बाटलीत घेतलं. निघताना मी एवढंच म्हणाले, "उद्या आम्ही येईपर्यंत कुणीच कच्चं दूध पिऊ नका. माझं एवढं ऐका."

सकाळी निपाणीत काच हलवली. संभाचा थेंब काही क्षणांतच फाटला. मंगलचाही. तानूबाईंच्या थेंबातही बारीक दाणे होते. पावसाळ्यापासून सांधे दुखतात ते वयानं, असं त्या म्हणाल्या होत्या. रंग घातलेल्या दुधाच्या बाटलीत सायीच्या जागी जांभळी कडी धरली, म्हणजे दूधही बाधलेलं. आयुष्यभर मी असल्या काचा हलवल्या, पण ती रक्तं बाटलीवरच्या आकड्यांची होती. ज्यांच्या सोप्यात बसून मी दूध नाकारलं त्यांची नव्हती. सुजाताच्या आईनं चहा आणून ठेवला तेव्हा मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

गावात परत गेलो तेव्हा मंगल मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी होती. सुजातानं तिला नीट सगळं सांगितलं. आजही तुला हा ताप आहे, औषध आहे, पण गरोदर असल्यामुळं ते मोठ्या डॉक्टरांनीच ठरवायचं, आजच बेळगावला जाऊ. मंगलनं ऐकून घेतलं. हातातली चोळी पिळत राहिली, पाणी संपलं तरी पिळत राहिली.

"मावशी, मागच्या खेपंला झालं ते ह्याच्यानंच काय?"

"बहुधा," मी म्हणाले. "खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही." आमच्या विषयात हा 'बहुधा' फार लागतो.

"मंग आईला संभाचं सांगा. तिचं तिला सांगा. माझं सांगू नका. तिनं पाजलंय वो मला, हातानं. ती जगायची न्हाय."

मंगलचा आजार मंगलचा. तो कुणाला सांगायचा हे तिनं ठरवायचं. आम्ही दोघींनी मान हलवली.

तानूबाई आधी भडकल्याच. "चंद्रीच्या दुधात रोग? आक्का, तुमी माझ्या घरचं दूध पिला न्हाईसा तवाच वळखलं म्या!" सुजातानं जांभळी कडी दाखवली, रव्याचे दाणे दाखवले, गाभडल्याचं कारण सांगितलं. संभा खाटेवर बसून ऐकत होता. त्यानं एकच विचारलं, "औषध घेतल्यावर पुना मातीत उतरता येतंय न्हवं?" ताप जाईल, मी म्हणाले, पण मणका धरलेला दिसतोय, फोटो काढल्याशिवाय काही सांगता येत नाही. "मी सुट्टीवर हाय मावशी," तो म्हणाला, "रिटायर न्हाय." आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

तानूबाईंचा राग तिथं गेला. मग म्हणाल्या, "आन मंगलला? तिला चालतंय न्हवं दूध?"

"तिला तर अजिबात नको. दूध चांगलं उकळल्याशिवाय घरात कुणालाच नको."

तानूबाईंनी आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून बघितले आणि पदराखाली घेतले. शेजारीण मध्येच डोकावून म्हणाली, इकून टाक की म्हस. "ज्याच्या दावणीला जाईल त्येच्या घरात बी कुणाची तरी लेक आसंल," तानूबाई म्हणाल्या आणि चंद्रीला वेगळी बांधायला उठल्या.

बेळगाव

बेळगावला आम्ही चौघं गेलो. मी, सुजाता, मंगल आणि तिच्या पोटातलं. तानूबाई संभासाठी मागं राहिल्या; मंगलला नुसतं तपासून आणतो, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. वाटेत मंगल खिडकीला डोकं टेकून बसली होती. मधेच म्हणाली, परवापासून पोटात हालचाल नाही, झोपलं असेल. मी "असेल हो" म्हणाले. सुजातानं गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्यात तिचा नवरा येऊन थांबला होता. तपासणीला वेळ लागणार होता, तेव्हा "खडेबाजारात जाऊन या, तुम्हाला इथं बसवणार नाही," असं म्हणून सुजातानं मला बाहेर पिटाळलं. खरंच बसवत नव्हतं. खडेबाजारात लग्नाची खरेदी चालली होती, साड्यांच्या घड्या उलगडत होत्या, दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी कानडीत भाव करत होते. बेळगावला येऊन कुंदा न घेता जाणारा माणूस विरळा, म्हणून मीही रांगेत उभी राहिले. पुडा हातात आला आणि मला स्वतःचीच चीड आली. अशा वेळी मिठाई घेतेय मी! तो पुडा मी रिक्षातच ठेवून आले.

परतले तेव्हा मंगलनं मला आत बोलावलं होतं. अंधाऱ्या खोलीत पोटावर यंत्र फिरत होतं. तपासणाऱ्या बाई आमच्याशी मराठीत बोलत होत्या. मग त्या थांबल्या, पुन्हा तीच जागा बघितली आणि नर्सशी कानडीत बोलू लागल्या, हलक्या आवाजात. पुण्याहून आलेल्या मला काही कळणार नाही हे बरोबर होतं. मंगल मात्र इथली. तिला सगळं कळत होतं. मला कळला तो एकच शब्द, "इल्ला." इल्ला म्हणजे नाही, एवढं तिकडं दोन दिवस राहिलेल्या कुणालाही कळतं.

मंगल रडली नाही. छताकडं बघत पडून राहिली. मी तिचा हात धरला तेव्हा म्हणाली, "मावशी, आईला सांगा, मी दवाखान्याच्या जिन्यात पडले."

"मंगल..."

"सांगा वो. पाय घसरला म्हणावं. माझ्याच्यानं तिच्याशी फोनवर बोलवायचं न्हाय. तुमी थोर मानसं, तुमचं ती खरं मानंल."

जन्मभर मी पोरांचे खोटे आकडे लाल शाईनं खोडले. त्या संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसून मी तानूबाईंना फोन केला आणि न चुकता, न अडखळता खोटं सांगितलं. पलीकडून "व्हय का," एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या बसनं आल्या. तोवर मंगल मोकळी झाली होती. मुलगा होता. नवरा दाराशी उभा होता आणि त्याला काय करावं ते कळत नव्हतं. सासरचं कुणी आलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं होतं की हा पायगुण नाही, आजार आहे, पुरं औषध घेतलं की पुढं मूल होऊ शकतं. त्यानं मान हलवली होती. त्याच्या आईला हे कोण समजावणार ते मला माहीत नाही.

तानूबाई खाटेपाशी गेल्या. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला.

"कुठं पडलीस गं?"

"जिन्यात. पाय घसरला."

"बघून चालावं गं माझे बाई," त्या म्हणाल्या. "बघून चालावं."

मंगलनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आई फसली असं तिला वाटलं. तानूबाई थोडा वेळ बसल्या आणि पाणी आणते म्हणून बाहेर आल्या. मीही मागोमाग आले. नळाशी तांब्या भरून वाहायला लागला तरी त्या नळ बंद करीनात. मी केला.

"आक्का," त्या म्हणाल्या, "काल तुमी मंगलला दूध नको म्हणालासा, तवाच समदं ध्येनात आलं माझ्या. पावसाळ्यातलं बी आन हे बी. माझ्या ह्या हातानं झालं."

मी काहीतरी बोलायला गेले. नजर, नशीब, बहुधा, कुणाला काय माहीत, असं काहीतरी. त्यांनी मला थांबवलं.

"मला कळलंय हे तिला कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "तिला तेवढंच एक समाधान ऱ्हाऊ द्या."

डोळे पुसून, पदर नीट करून त्या आत गेल्या आणि लेकीच्या उशाशी बसून तिचे केस विंचरू लागल्या.